सात माणसे आणि एक तळघर

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता आमच्या एम. ए. च्या वर्गातली एक विद्यार्थिनी लघुप्रबंधाचा विषय घेऊन माझ्याकडे आली. "सर, मला झोंबीवर लिहायचंय," ती म्हणाली. मला मोठे समाधान वाटले. हल्लीच्या मुलांना वाचनाची गोडी राहिली नाही, ही तक्रार आम्ही प्राध्यापक मंडळी चहाच्या प्रत्येक कपाबरोबर करीत असतो. आणि इथे तर एक मुलगी आपण होऊन आनंद यादवांच्या पुस्तकाला हात घालू पाहत होती. १९८७ साली निघालेली आणि १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणारी 'झोंबी'! मी उत्साहाने तिला कागलच्या त्या पोराची शाळेसाठी चाललेली धडपड, यादवांची बोली, ग्रामीण साहित्याची चळवळ असे बरेच काही ऐकवले. तिने ते सारे सभ्यपणाने ऐकून घेतले आणि मग हळूच म्हणाली, "सर, ती झोंबी नाही. मेल्यावर उठतात ना, ते झोंबी."

मराठी भूतकथा आणि इंग्रजी झोंबीपट यांची तुलना, असा तिचा विषय होता. आणि त्या तुलनेचा पाया म्हणून तिने जो चित्रपट घेतला होता त्याचे नाव 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड', म्हणजे जित्या मुडद्यांची रात्र. अमेरिकेतल्या जॉर्ज रोमेरो नावाच्या दिग्दर्शकाने १९६८ साली काढलेला. "सर, जगातल्या थोर चित्रपटांत त्याची गणना होते," ती म्हणाली. मी म्हणालो, "अगं, हा मराठी विभाग आहे, स्मशान नव्हे." वर्गात असल्या कोट्यांना हशा मिळतो. ती मात्र हसली नाही. "सर, तुम्ही पाहिलाय तो?" एवढेच तिने विचारले.

पाहिला नव्हता. आता वीस वर्षे विद्यार्थ्यांना 'मूळ ग्रंथ वाचल्याशिवाय मत देऊ नका' म्हणून बजावत आलेल्या माणसाची ह्या प्रश्नाने काय अवस्था होते, हे वाचकांनी कल्पनेने जाणावे. "आठ दिवसांनी ये," असे सांगून मी तिला वाटेला लावले आणि त्या रात्री चिरंजीवांच्या संगणकापुढे बसलो. चित्रपट तिथे फुकट मिळत होता, आणि तोही कायद्याला धरून. ही फुकटेपणाची हकीकत मोठी नामी आहे. ती पुढे सांगतो.

पहिली गोष्ट मनात आली ती अशी, की हा चित्रपट गरीब आहे. कृष्णधवल. फार तर एक घर, एक दफनभूमी, एक रस्ता. कथानायकाखेरीज एकही चेहरा लक्षात राहील असा नाही. नंतर शोध घेतला तेव्हा त्याच्या गरिबीचा तपशील कळला. रोमेरो त्या वेळी पंचविशी ओलांडलेला तरुण. पिट्सबर्ग शहरात मित्रांबरोबर जाहिरातपट काढून पोट भरत होता. दहा जणांनी प्रत्येकी ६०० डॉलर घालून मंडळी स्थापन केली, तिचे नावही 'इमेज टेन'. पुढे आणखी भांडवल जमवीत जमवीत एकूण खर्च गेला सुमारे १,१४,००० डॉलरवर. हॉलिवुडच्या हिशेबात ही रक्कम कपडेपटालाही पुरायची नाही. शहराच्या उत्तरेला इव्हान्स सिटी नावाचे गाव आहे, तिथे पाडायला काढलेले एक शेतघर मिळाले. घर पाडायचेच, म्हटल्यावर त्यात हवे तितके खिळे ठोका! १९६७ च्या उन्हाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत सवडीसवडीने चित्रण झाले. निर्मात्यांपैकीच काहींनी भूमिका केल्या, रंगभूषाही केली. मुडदे म्हणून आसपासची माणसे आली. रक्त म्हणून चॉकलेटचा पाक वापरला. कृष्णधवल चित्रात तो अगदी रक्तासारखा दिसतो. गावोगावच्या आमच्या हौशी नाटकमंडळ्यांना ही सारी कहाणी अनोळखी वाटू नये.

कथा चार ओळींत सांगता येते. बार्बरा आणि तिचा भाऊ जॉनी बापाच्या थडग्यावर फुलांचे चक्र ठेवायला लांबून मोटारीने येतात. तिथे एक मुडदा त्यांच्यावर चालून येतो, झटापटीत जॉनीचे डोके थडग्याच्या दगडावर आपटते, बार्बरा पळत एका शेतघरात शिरते. मागोमाग बेन नावाचा एक निग्रो तरुण येतो (त्या काळचा शब्द वापरला, आज कृष्णवर्णीय म्हणतात, आणि तेच बरे). घराच्या तळघरात आणखी पाच जण आधीच लपलेले: हॅरी कूपर, त्याची बायको हेलन, मुडद्याने चावा घेतल्यामुळे आजारी पडलेली त्यांची लहान मुलगी कॅरेन, आणि टॉम व जूडी हे तरुण जोडपे. बाहेर मुडदे गोळा होत जातात. ते माणसे खातात. डोक्यात गोळी घातली किंवा जाळले तरच थांबतात. आणि ते ज्याला मारतात तो थोड्या वेळाने त्यांच्यातलाच एक होऊन उठतो.

गंमत अशी, की सबंध चित्रपटात त्यांना कोणी 'झोंबी' म्हणत नाही. तो शब्द मूळचा कॅरिबियन समुद्रातल्या हैतीचा. तिथल्या लोकसमजुतीतला झोंबी म्हणजे मांत्रिकाने उठवून कामाला जुंपलेले प्रेत. ज्या बेटावर फ्रेंच मळेवाल्यांनी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना उसाच्या मळ्यांत मरेपर्यंत राबवले, तिथल्या माणसाला मेल्यावरही सुटका नाही ही सर्वांत भयंकर कल्पना वाटावी, यात नवल काय? विल्यम सीब्रुक नावाच्या अमेरिकन प्रवाशाने १९२९ साली हैतीवर पुस्तक लिहिले, १९३२ साली 'व्हाइट झोंबी' हा बोलपट आला, आणि हे प्रेत अमेरिकेत रुळले. परंतु तिथपर्यंत त्याच्यावर मालक होता. रोमेरोने मालक काढून टाकला. कोणी उठवले नाही, कोणी हुकूम देत नाही, नुसती भूक उरली. ह्या एका वजाबाकीतून पुढचे सगळे झोंबीपट निघाले.

आपल्या भुतांशी तुलना करायला मी इथेच सुरुवात केली. आपले भूत हे कुटुंबवत्सल असते, असे म्हटले तरी चालेल. मुंज झाल्यावर लग्नाआधी गेला तो मुंजा, त्याचा पिंपळ ठरलेला. बाळंतपणात गेली ती हडळ. खवीस, समंध, कोकणगोव्याकडचा देवचार, प्रत्येकाचे कूळ, मूळ, हद्द आणि तक्रार ठरलेली. तक्रार दूर केली, नारळ-कोंबडे दिले, नारायण नागबळी केला, की प्रकरण मिटते. विक्रमाच्या खांद्यावरचे प्रेत तर इतके सुसंस्कृत, की न्यायाच्या बारीकसारीक प्रश्नांवर चर्चा करते. रोमेरोच्या मुडद्याशी बोलताच येत नाही. त्याला नाव नाही, वैर नाही, अपुरी राहिलेली इच्छा नाही. काय हवे ते विचारायला जावे तर उत्तर एकच. मराठी मनाला हा प्रकार भीतिदायक वाटण्याआधी अडाणी वाटतो.

निदान मला तो तसा वाटला. पहिल्या रात्री चित्रपट संपला तेव्हा माझे मत तयार होते: कीर्ती अवास्तव आहे. बार्बराचे काम करणारी नटी पहिली वीसएक मिनिटे जिवाच्या आकांताने पळते आणि मग सगळा चित्रपट कोचावर सुन्न बसून काढते. पुढे १९९० साली ह्याच कथेवर नवा चित्रपट निघाला, त्याची पटकथा स्वतः रोमेरोने लिहिली, आणि त्यात बार्बराच्या हाती बंदूक दिली. म्हणजे जुनी चूक त्यालाही कळली असावी. टॉम आणि जूडी यांचे प्रेमाचे बोलणे ऐकून आमच्या स्नेहसंमेलनातल्या एकांकिका बऱ्या म्हणाव्यात. संगीत तयार संग्रहातून उचललेले. आणि मुडदे का उठले याचे कारण काय, तर म्हणे शुक्राकडे पाठवलेल्या यानाबरोबर किरणोत्सर्ग परत आला असावा! मी टिपणवहीत लिहिले, 'विषय नामंजूर करावा.'

दुसऱ्या दिवशी रविवार. चिरंजीवांनी घरात बातमी फोडली, की बाबा रात्री भुताचा सिनेमा पाहत होते. झाले. दुपारी जेवणे आटोपल्यावर सगळ्यांनी बसून तो पुन्हा पाहायचा असे ठरले. आई पंच्याहत्तरीची, तिला इंग्रजी समजत नाही, म्हणून मी शेजारी बसून सांगत होतो. सुरुवातीलाच जॉनी कुरकुर करतो: इतक्या दूर यायचे, बापाचा चेहरासुद्धा आता आठवत नाही, आणि ते चक्र दर वर्षी नवे विकत घ्यायचे. मी हे आईला सांगितले. ती म्हणाली, "बापाच्या पिंडाला कुरकुरला. आता बघ." आणि खरोखरच पुढच्या मिनिटाला मुडदा आला! थोड्या वेळाने तिने विचारले, "ह्या सगळ्यांचं दहावं-बारावं कुणी घातलं नाही का रे?" आम्ही हसलो. पण मग तो प्रसंग आला, जो आदल्या रात्री माझ्या नजरेतून निसटला होता. दूरचित्रवाणीवर एक तज्ज्ञ सांगतो, की माणूस मेल्याबरोबर प्रेत बाहेर काढून जाळून टाका. उत्तरक्रियेचे समाधान आता नातेवाइकांना मिळणार नाही. मी हे सांगितले, आणि खोलीतले हसणे थांबले. माझे मामा २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले. त्यांना कोणी पाहिले नाही. प्लास्टिकात गुंडाळलेले काहीतरी गाडीतून परस्पर नेले, एवढेच माझ्या मामेभावाला दुरून दिसले. आई उठून पाणी प्यायला गेली आणि परत येऊन बसली. "चालू दे," म्हणाली.

ह्या चित्रपटाची थोरवी सांगणारे लोक बहुधा त्याच्या शेवटापासून सुरुवात करतात. मीही आता तिकडे वळतो, कारण त्यावाचून निवाडा होणार नाही. सकाळ होते. शेरीफ आणि बंदुका घेतलेली गावकऱ्यांची टोळी मुडदे टिपत शेतघराशी येते. आत एकटा बेन जिवंत राहिला आहे. माणसांचे आवाज ऐकून तो खिडकीशी येतो. बाहेरचे त्याला मुडदा समजतात आणि कपाळात गोळी घालतात. मग चित्र हलायचे थांबते. वर्तमानपत्रातल्यासारखी दाणेदार, स्थिर छायाचित्रे येऊ लागतात. खाटकाच्या दुकानातल्यासारखे आकडे लावून त्याला ओढत नेतात, चितेवर टाकतात. ज्याने रात्रभर ह्या घरात सगळ्यांत अधिक शहाणपण दाखवले, त्याला जाळताना कोणी त्याचे नावही विचारीत नाही.

आता बेनचे काम करणारा ड्वेन जोन्स कृष्णवर्णीय होता. तो पुढे रंगभूमीवर वावरला आणि साहित्याचा प्राध्यापकही झाला, म्हणजे आमच्याच धंद्यातला; १९८८ साली वारला. बेन हा कृष्णवर्णीय असावा असे मूळ संहितेत नव्हते. चाचणीत जोन्स सगळ्यांत चांगला ठरला म्हणून त्याला घेतले, असे रोमेरो नेहमी सांगे. मात्र संहितेतला बेन रांगडा मालमोटारवाला होता. जोन्सने संवाद बदलून घेऊन त्याला विचारी, स्वच्छ बोलणारा माणूस केले. चित्रपट तयार झाला आणि त्याची प्रत मोटारीत घालून रोमेरो न्यूयॉर्कला निघाला तेव्हा वाटेत रेडिओवर बातमी ऐकू आली, की मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. ती तारीख ४ एप्रिल १९६८. त्यानंतर सहा महिन्यांनी, १ ऑक्टोबरला, पिट्सबर्गमध्ये हा चित्रपट प्रथम लागला. बंदुका आणि शिकारी कुत्री घेतलेल्या गोऱ्यांची टोळी एका कृष्णवर्णीय देहाला ओढत नेते, हे दृश्य त्या वर्षी अमेरिकेत कोणाला कशाची आठवण करून देत असेल हे सांगायला समीक्षक लागत नाही.

यावर आक्षेप असा, की मग हा योगायोगच नव्हे का? दिग्दर्शकाच्या मनात नसलेला अर्थ चित्रपटाच्या खाती का जमा करावा? हा आक्षेप मला अगदीच पोकळ वाटत नाही. पण जोन्सच्या मनात काय होते याला काही किंमत आहे की नाही? त्याला आपण काय करीत आहोत याची पुरती जाण होती. साऱ्या चित्रपटात बेनच्या रंगाचा एकदाही उल्लेख होत नाही; हॅरी कूपर त्याच्याशी भांडतो, पण त्याबद्दल ब्र काढीत नाही. तरीही जोन्सच्या चेहऱ्यावर, तो हॅरीकडे पाहत गप्प राहतो तेव्हा, काहीतरी असते. ते संहितेत लिहिलेले नव्हते आणि योगायोगानेही आलेले नाही. नटाने आणलेले आहे.

तथापि, एवढ्यावरच कीर्ती उभी असती तर मी तिला ऐतिहासिक महत्त्व म्हटले असते आणि वही मिटवली असती. माझे मत बदलले ते तळघरामुळे.

सगळ्या चित्रपटाचा कणा एक भांडण आहे. हॅरी म्हणतो, तळघरात जाऊन दार आतून लावू. दार एकच आहे आणि मजबूत आहे. बेन म्हणतो, तळघर म्हणजे सापळा. वर राहू, खिडक्यांना फळ्या ठोकू, वेळ आली तर पळता येईल. हॅरी भित्रा, हेकट, बायकोवर डाफरणारा. बेन धीराचा, कामसू. आपण अर्थातच बेनच्या बाजूने. बेनच्या योजनेप्रमाणे मालमोटारीत पेट्रोल भरायला टॉम, जूडी आणि तो बाहेर पडतात. पेट्रोल सांडते, मशालीने पेट घेते, दोघे पोरे जळून मरतात. बेन पळत घराशी येतो, तर हॅरी दार उघडीत नाही. बेन दार फोडून आत येतो आणि हॅरीला बडवतो. पुढे फळ्या तुटू लागतात त्या ऐन वेळी हॅरी बंदूक हिसकावतो. बेन ती परत घेऊन त्याच्यावर गोळी झाडतो. हॅरी धडपडत तळघरात जातो. तिथे मरून उठलेली त्याची मुलगी त्याला खाते आणि आईला भिंतीवरच्या थापीने भोसकून मारते. वर मुडदे आत घुसतात. त्यांत जॉनी असतो, आणि तो आपल्या बहिणीला ओढून नेतो. मग एकटा उरलेला बेन काय करतो?

तो तळघरात जातो, दार लावतो आणि सकाळपर्यंत सुखरूप राहतो.

म्हणजे हॅरीचे म्हणणे बरोबर होते! मुलीचा प्रश्न होताच, तो तळघरात आधीच होता. पण जागेबद्दलचे म्हणणे हॅरीचे बरोबर होते. आणि चित्रपट याबद्दल एक अक्षर बोलत नाही. कोणी कपाळावर हात मारून घेत नाही, की पश्चात्तापाचे भाषण करीत नाही. पहिल्यांदा पाहताना मला ते कळलेच नव्हते, कारण मी हॅरीचा राग करण्यात गुंतलो होतो. शहाणा, सज्जन माणूस चुकीचे सांगतो. नकोसा माणूस बरोबर सांगतो. आणि तो नकोसा आहे म्हणूनच ते कोणाला पटत नाही. शोकांतिकेबद्दल मी वर्गात इतकी वर्षे जे काही सांगत आलो, त्यात इतके निर्दय उदाहरण मला दिल्याचे आठवत नाही. बाहेरचे मुडदे मंद चालतात, अडखळतात, विस्तवाला भितात. सात माणसांनी एकमताने काहीही एक केले असते तरी बहुतेक वाचली असती.

दार न उघडणाऱ्या हॅरीकडे दुसऱ्यांदा पाहताना मला दुसरेही काही आठवले. ते लिहावे की नाही याचा मी बराच विचार केला. २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदी होती. आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एक परिचारिका भाड्याने राहत होती, एकटीच. ती रोज इस्पितळातून रात्री परत येई. सभासदांमध्ये कुजबुज सुरू झाली. मग बैठक झाली, गच्चीवर, अंतर सोडून. तिला काही काळ इस्पितळातच राहण्याची विनंती करावी असे ठरले. पत्राचा मसुदा कोणी करायचा? माझे मराठी चांगले, म्हणून तो माझ्याकडे आला. मी पत्र फार छान लिहिले. 'आपल्या सेवाभावाबद्दल आम्हां सर्वांस नितांत आदर आहे' अशी सुरुवात केली होती. 'तथापि' दुसऱ्या परिच्छेदात. ती काही बोलली नाही. दोन पिशव्या घेऊन गेली. जूनमध्ये तिचा भाऊ येऊन सामान घेऊन गेला आणि किल्ली रखवालदाराकडे ठेवली. त्या वेळी जिन्यात आमची गाठ पडली असती, पण पावले ऐकून मी दार लोटून घेतले.

आमच्या सोसायटीचेही कदाचित बरोबर असेल, हॅरीचेही होते.

आता कीर्तीच्या हिशेबातली उरलेली बाब, फुकटेपणाची. चित्रपटाचे आधीचे नाव वेगळे होते. वितरकांनी ते बदलले आणि नव्या नावाची पाटी घालताना तिच्यावरची मालकी हक्काची ओळ घालायची राहून गेली. त्या काळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे ती ओळ नाही म्हणजे हक्क नाही. एका ओळीच्या विसरभोळेपणाने चित्रपट पहिल्या दिवसापासून सार्वजनिक मालमत्ता झाला! ज्याला हवे त्याने प्रत काढली, ज्याला हवे त्याने दाखवला. पुढे दूरचित्रवाणी केंद्रांनी तो रात्री-अपरात्री लावला, कॅसेटवाल्यांनी काढला. ज्यांनी तो बनवला त्यांच्या पदरी त्यामानाने फारच थोडे पडले. तेव्हा कोणी म्हणेल, की ही कीर्ती म्हणजे फुकट वाटलेल्या दिनदर्शिकेची कीर्ती आहे. घरोघरी लटकते, कारण पैसे पडत नाहीत. मला हे अर्धेच पटते. हक्क संपलेले चित्रपट शेकड्यांनी पडून आहेत, त्यांना कुत्रे विचारीत नाही. शिवाय आरंभी ह्याचे स्वागत काही आरत्या ओवाळून झाले नव्हते. शिकागोचा समीक्षक रॉजर ईबर्ट याने १९६९ च्या जानेवारीत लिहिले ते चित्रपटापेक्षा प्रेक्षागृहातल्या मुलांबद्दल होते. दुपारच्या खेळाला सोडलेली लहान मुले आधी मजेत ओरडत होती, मग गप्प झाली, आणि काही रडू लागली. वयाप्रमाणे चित्रपटांना श्रेणी देण्याची अमेरिकेतली पद्धत १ नोव्हेंबर १९६८ पासून सुरू झाली, ह्या चित्रपटानंतर एका महिन्याने. पुढे १९९९ साली अमेरिकेने राष्ट्रीय ठेवा म्हणून जतन करायच्या चित्रपटांच्या यादीत त्याला घेतले, आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने २०१६ साली त्याची स्वच्छ केलेली प्रत दाखवली. रोमेरो २०१७ च्या जुलैत वारला. म्हणजे तेवढे पाहून गेला.

चित्रपटाबरोबर त्यातला मुडदाही बिनमालकाचा झाला, आणि भटकत भटकत आपल्याकडेही आला. २०१३ साली 'गो गोवा गॉन'मध्ये तो गोव्याच्या बेटावर मौजमजेला गेलेल्या पोरांच्या मागे लागला. २६ जानेवारी २०२२ रोजी तर आदित्य सरपोतदार यांचा 'झोंबिवली' लागला, आणि मुडदे डोंबिवलीत शिरले. आमच्या घरी तो सगळ्यांनी मिळून पाहिला होता, पुष्कळ हसलोही होतो. टॉवरमधली माणसे आणि झोपडपट्टीतली माणसे यांच्यामधले फाटक हा त्याचा खरा विषय आहे. तेही भांडण दाराचेच, हे मला तेव्हा सुचले नव्हते. मात्र त्यात आपल्या भुतांचा मऊपणा आहे. शेवटी माणसे एकत्र येतील अशी आशा धरूनच आपण खुर्चीत बसतो. रोमेरो ती आशा बाहेरच ठेवायला लावतो. म्हणूनच त्याचा चित्रपट पुन्हा पाहावासा वाटतो असे मी म्हणणार नाही. तिसऱ्यांदा पाहायचे धैर्य मला अजून झालेले नाही.

तेव्हा कीर्ती रास्त आहे का? अभिनयाची, संगीताची, विज्ञानाची नाही. शेवटची दाणेदार छायाचित्रे, ड्वेन जोन्सचे गप्प राहणे आणि ते न बोललेले तळघर, यांची आहे. आणि एवढे भांडवल, मला वाटते, कित्येक निर्दोष चित्रपटांच्या पदरी नसते.

आठ दिवसांनी विद्यार्थिनी आली. मी म्हणालो, "विषय मंजूर. पण तळघरावर एक स्वतंत्र प्रकरण हवं." तिने वही काढून दाखवली. ते प्रकरण तिने आधीच लिहून आणले होते, आणि त्यात हॅरीची बाजू माझ्याहून नेमकी मांडली होती. माझ्या डोक्यातली दोन वाक्ये मला गिळावी लागली. मी फक्त दोन ठिकाणचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारले.

लघुप्रबंध मार्चमध्ये कार्यालयात दाखल झाला. परवा काही कामासाठी नोंदवही चाळली तेव्हा तिच्या नावापुढे 'झोंबी : एक अभ्यास' असे लिहिलेले दिसले, आणि आमच्या कारकुनांनी, नोंद अपुरी राहू नये म्हणून, पुढे कंसात स्वच्छ अक्षरात घातले होते, 'आनंद यादव'.